जुन्या गाडीला सॅडलबॅग : पिशवी सगळ्यात शेवटी घ्या

मिरगाच्या आधी महिनाभरात तिघेजण आपापल्या जुन्या गाड्या घेऊन बेळगावात माझ्याकडे आले. एकाची यझदी, दोघांच्या बुलेट. तिघांच्याही हातात नवी कोरी सॅडलबॅग, म्हणजे मागच्या चाकाच्या बगलेला टांगायची पिशवी, आणि तिघांचीही तक्रार एकच, बसत नाही. यझदीवाल्याची बॅग सायलेन्सरला टेकत होती. एका बुलेटवर किक मारताना टाच बॅगेत अडकत होती. तिसऱ्याची बॅग दिसायला झकास बसली होती, पण मागं बसायला आलेल्या वहिनी हसत म्हणाल्या, "बॅग बसली ओ, आता मी कुठं बसू?"

तिघांनीही बॅग आधी घेतली होती. फोटोत छान दिसली म्हणून घेतली, मग गाडीला ती कशी अडकवायची याचा विचार. ही उलटी गंगा आहे. आधी गाडी तपासायची, मग मोजमाप, मग बॅगेला चाकापासून दूर धरणारी सळीची चौकट, जिला आपण स्टे म्हणतो ती, आणि त्यानंतर बॅग. दिवे, भरणी आणि चाचणी त्याच्याही पुढे. हा क्रम सोडला तर एक काम दोनदा करावं लागतं, आणि कधीकधी मागचं चाक जाम होऊन माणूस रस्त्यावर येतो.

१. आधी गाडी ओझ्याला तयार आहे का बघा

तीस-चाळीस वर्षांच्या गाडीचा मागचा भाग दोन माणसं कशीबशी पेलतो. त्यावर दहा-बारा किलो आणखी टांगायचे म्हणजे आधी खालचं सगळं धड हवं.

गाडी मेनस्टँडवर लावा. मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवा. खटखट जाणवली तर चाकाचं बेअरिंग तरी गेलंय किंवा मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा, म्हणजे स्विंगआर्मचा बुश तरी. नक्की कोणतं, ते चिमट्यावर एक हात ठेवला की कळतं. चिमटाही हलत असेल तर बुश, फक्त चाक हलत असेल तर बेअरिंग. मग पान्ह्याने एकेक तार हलकेच वाजवा. ताणलेली तार टण् वाजते, सैल तार ठप्प आवाज करते. चार-पाच ठप्प निघाल्या तर चाक ट्रूइंगला, म्हणजे तारा आवळून सरळ करायला द्या, सॅडलबॅग पुढच्या महिन्यात.

शॉकअबमधून तेल गळत असेल, मागच्या टायरच्या बगलेला बारीक भेगा असतील किंवा ब्रेकचा हात कॅमवर शेवटपर्यंत गेला असेल, म्हणजे आतले लायनर झिजले असतील, तर तेही आधी. ड्रम ब्रेकच्या गाडीवर वजन वाढवून वंटमुरीचा किंवा चोर्ल्याचा घाट उतरायचा असेल तर नवे लायनर हा बॅगेच्या खर्चातलाच भाग धरा.

कागदांचंही इथेच बघून घ्या. बोलताना आपण जुनी दिसेल ती गाडी व्हिंटेज म्हणतो. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी तिच्यात बसते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांपुरतीच ती बाहेर पडते. त्या नंबरावर सॅडलबॅग लावून गोव्याला निघायचा बेत असेल तर तो बाजूला ठेवा. साध्या नंबरावर पुन्हा नोंदणी केलेल्या गाडीला ही अडचण नाही. दोन्ही बाबतींत नियम मात्र एकच ठेवा. फ्रेमला भोक पाडायचं नाही, फ्रेमवर वेल्डिंग करायचं नाही. उद्या स्टे काढला तर गाडी जशी होती तशी दिसली पाहिजे.

२. मोजमाप : अर्धा दिवस, खडू आणि फ्रिजचा पुठ्ठा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोक नेमका इथेच देत नाहीत. मोजपट्टी, खडू, सुतळी, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि गाडीवर बसायला दोन माणसं जमवा.

पहिलं काम म्हणजे हलणारं काय आणि न हलणारं काय ते ओळखणं. सीटवर माणूस बसवून त्याला वरखाली करायला सांगा आणि मागून बघा. शॉकअबचा वरचा बोल्ट फ्रेमवर असतो, तो जागचा हलत नाही. खालचा बोल्ट चिमट्यावर असतो, तो चाकाबरोबर वरखाली होतो. मागच्या माणसाचं पायदान काही गाड्यांवर फ्रेमला असतं, काहींवर चिमट्याला. ते आठवणीवर ठरवू नका, गाडी दाबून बघा. न हलणाऱ्या प्रत्येक बोल्टवर खडूने फुली मारा. स्टे फक्त फुल्यांनाच जोडायचा.

सावध : स्टेचं एक टोक वरच्या बोल्टला आणि दुसरं शॉकअबच्या खालच्या बोल्टला किंवा आसाच्या नटाला, ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. उभ्या गाडीवर ते फार भक्कम दिसतं. रस्त्यावर मात्र दर खड्ड्याला खालचं टोक वर येतं आणि सळी वाकते. माझी स्वतःची पहिली चौकट अशीच होती. वेल्डरने सुचवलं, मी मान डोलावली. जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या चढाला लागलो तेव्हा वेल्ड तुटला. सळीचं टोक तारांत घुसलं नाही ते केवळ नशीब म्हणून. परत येताना बॅग मांडीवर होती.

दुसरं काम बैठक मोजण्याचं. मागच्या आसाच्या मधापासून सीटखालच्या एखाद्या फुलीपर्यंतचं अंतर तीनदा घ्या. गाडी रिकामी असताना, तुम्ही एकटे बसल्यावर आणि दोघे बसल्यावर. तिसऱ्या आकड्यातून आणखी तीन बोटं वजा करा, कारण खड्ड्यात गाडी त्याहून खाली बसते. आस तितका वर आला तर त्याचा नट, चेनकव्हर आणि टायर कुठे पोचतील ते खडूने दाखवा. बॅगेच्या आतल्या खालच्या कोपऱ्याने त्या रेघेच्या जवळही जायचं नाही.

तिसरं, सायलेन्सर. बुलेटला तो एकाच बाजूला असतो, म्हणजे दुसरी बाजू मोकळी. जावा-यझदीचं इंजिन एकाच सिलिंडरचं असलं तरी सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक. त्यामुळे बुलेटची बॅग यझदीला 'थोडी वर उचलून' बसेल हा हिशेब चुकतो. सायलेन्सरच्या वरच्या कडेपासून बॅगेच्या तळापर्यंत चार बोटं मोकळी हवा ठेवा, तीही बॅग भरलेली असताना. भरलेल्या मऊ बॅगेचं पोट खाली लोंबतं. नायलॉन सायलेन्सरला चिकटून वितळतं. चामडं वितळत नाही, पण दोन-चार फेऱ्यांत वाळून पापडासारखं कडक होतं आणि घडीवर तडकतं. चार बोटं मिळतच नसतील तर पत्र्याची ढाल लावा. ती स्टेला जोडा आणि सायलेन्सरपासूनही सुटी ठेवा, नाहीतर ढालच तापून बॅगेला भाजते.

चौथं, किक. बुलेटची किक उजवीकडे. जावा-यझदीची डावीकडे, आणि तीच दांडी गिअरचीही. किकची दांडी बॅगेपर्यंत पोचत नाही, पोचते ती टाच. थंड गाडीला जोरात किक मारा आणि पाय पूर्ण खाली गेल्यावर टाच कुठवर मागे जाते ते दुसऱ्याला खडूने मांडायला सांगा. चप्पल घालून नको. रोज जो बूट घालता तोच घाला.

पाचवी गोष्ट वहिनींची. आपल्याकडे मागे बसणारी बाई बहुतेक वेळा एकाच अंगाला, डावीकडे पाय सोडून बसते. तिचे पाय, साडीगार्ड आणि डावी बॅग हे तिघे एकाच जागेवर हक्क सांगतात. बॅगेसाठी साडीगार्ड काढणारे मी पाहिलेत. ते करू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२३व्या नियमाप्रमाणे मागे माणूस बसणार असेल तर गाडीला धरायला कडी, पाय ठेवायला पायदान आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं संरक्षण लागतं. आणि नियम नसता तरी पदर तारांत जाण्यापेक्षा बॅग नसलेली बरी. रोज कुणी अंगाला बसत असेल तर डावी बॅग मागे सरकवा आणि उथळ घ्या, किंवा ती बसेल त्या दिवशी उतरवून ठेवता येईल अशी घ्या. यावर तिसरा उपाय मला अजून सापडलेला नाही.

सहावं, रुंदी. हँडलच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. भरलेल्या दोन्ही बॅगा धरून गाडीची मागची रुंदी त्यापेक्षा निदान चार बोटं कमीच हवी. म्हणजे हँडल जिथून गेलं तिथून बॅगाही जातील. गळिताच्या हंगामात संकेश्वर-निपाणी पट्ट्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत चाललेला ट्रॅक्टर ओलांडताना हा हिशेब आपोआप कळतो, पण तो घरी कळलेला बरा.

आता पुठ्ठा. या सगळ्या रेघा सांभाळून बॅगेच्या मापाची दोन खोकी कापा आणि सुतळीने गाडीला बांधा. किक मारा, अंगाला बसवा, मेनस्टँडवर चढवा, उतरवा, टूलबॉक्सचं झाकण उघडा. आणि एक गोष्ट नक्की बघा. खोकी जागेवर असताना मागचा आस बाहेर ओढता येतो का? जुन्या गाडीला ट्यूबचा टायर. पंक्चर झालं की चाक काढावंच लागतं, आणि तेव्हा अख्खा स्टे उतरवायला लागत असेल तर कणकुंबीच्या पावसात तुम्ही मला शिव्या द्याल.

तपासा : पुठ्ठ्याची खोकी बांधून पाच किलोमीटर गाडी चालवून आणा. लोक हसतील. हसू द्या. त्या खोक्यांची लांबी-रुंदी-उंची कागदावर लिहा. बॅग आणायला जाताना हाच कागद खिशात असला पाहिजे.

३. स्टे : सळी, पट्टी आणि वेल्डर

तयार स्टे नव्या गाड्यांसाठी भरपूर मिळतात. जुन्या गाडीला ते 'थोडं वाकवून' बसवायचे म्हणजे डोकेदुखी. बेळगावात राहून त्याची गरजही नाही. उद्यमबागेत फॅब्रिकेशनची दुकानं थोडी नाहीत. तुम्ही नमुना नेलात तर दिवसाचं काम आहे. नमुना न नेता गाडीच नेलीत तर तो डोळ्याने अंदाज घेणार, आणि अंदाजाचा स्टे चाकाकडे झुकलेलाच निघतो.

नमुना जाड तारेचा करा. खडूच्या फुल्यांवर दोन टोकं, पुठ्ठ्याच्या खोक्याच्या आतल्या बाजूला लागून एक चौकट. चौकटीची खालची कड बॅगेच्या उंचीच्या निम्म्याच्या खाली आली पाहिजे. फक्त वरती दांडी असेल तर बॅगेचा तळ आत झुलतो आणि तारांत जातो. दोन्ही बाजूंच्या चौकटी नंबरप्लेटच्या खालून एका आडव्या सळीने एकमेकींना बांधा. जुन्या गाड्यांवर हीच आडवी सळी विसरली जाते. ती नसेल तर प्रत्येक चौकट एकट्याने थरथरते आणि सहा महिन्यांत तिचे कान, म्हणजे बोल्टला बसणारे भोकाचे तुकडे, तुटतात.

सळी किती जाडीची? दहा मिलिमीटरची गोल बार, साध्या लोखंडाची. बारावर जाण्याची हौस आवरा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हा हिशेब उद्यमबागेत कुणालाही विचारा. दहाची सळी मीटरला ६१७ ग्रॅम भरते, बाराची ८९०. दोन्ही बाजू मिळून चार मीटर सळी लागली तर दहात अडीच किलो, बारात साडेतीनच्या वर. बॅगेत काही भरण्याआधीच एक किलो वाया. बोल्टला बसणारे कान मात्र पाच मिलिमीटरच्या पट्टीचेच करा. सळीचं टोक ठोकून चपटं करून त्याला भोक पाडणारे वेल्डर आहेत. दुकान बदला.

वेल्डिंगचा क्रम असा. सळ्या वाकवा, गाडीवर धरून बघा, खुणा करा, मग गाडीपासून लांब नेऊन टाचण मारा. पुन्हा गाडीवर बसवून बघा, त्यानंतरच पूर्ण वेल्ड. गाडीवर बसलेल्या स्टेला वेल्डिंग लावू देऊ नका. वर पेट्रोलची टाकी असते हे एक कारण. दुसरं म्हणजे त्या करंटने रेक्टिफायर आणि बॅटरी जायला वेळ लागत नाही. 'एकच टाका आहे ओ' म्हणून ऐकवतील. तरीही नाही.

पावडर कोटिंगची घाई करू नका. आधी रेडऑक्साइडचा साधा तांबडा हात मारा, पाचशे किलोमीटर चालवा, कुठे घासतं, कुठे वाकतं ते बघा. पहिल्याच स्टेमध्ये काही बदलावं लागलं नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

४. बोल्ट हाताने जातो म्हणून तो बरोबर असतो असं नाही

या एका मुद्द्यासाठी वेगळा मथळा दिलाय, कारण इथे गाडीचंच नुकसान होतं.

जुन्या बुलेटमध्ये आटे मिसळीचे असतात. इंग्लिश घराण्याच्या खुणा बऱ्याच जागी राहिल्या आहेत, मधल्या काळातल्या दुरुस्तीत कुणी काय घातलंय ते देव जाणे. ५/१६ इंची बोल्टचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे आठच्या बोल्टइतकाच. पण आठच्या साध्या मेट्रिक बोल्टला इंचात सुमारे २० आटे असतात, ५/१६च्या बीएसएफला, म्हणजे बारीक आट्याच्या जुन्या इंग्लिश बोल्टला २२ आणि सायकल आट्याच्या बोल्टला २६. त्यामुळे चुकीचा बोल्ट हाताने दोन-तीन फेरे आत जातो, मग जड लागतो, मग आपण पान्हा लावतो आणि फ्रेममधले आटे मरतात. जावा-यझदी मुळात चेक घराण्याची आणि मेट्रिक, तिथे हा त्रास कमी.

उपाय सोपा आहे. स्टेसाठी मूळ बोल्ट काढा, तो नमुना म्हणून दुकानात न्या आणि तेच आटे, पण पट्टीच्या जाडीइतका लांब बोल्ट मागा. लांबी न वाढवता मूळ बोल्टच परत वापरला तर नटाच्या बाहेर आटे उरत नाहीत. निदान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत.

तपासा : नवा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. अर्ध्यात अडला तर बाहेर काढा, आटे साफ करा, पुन्हा बोटांनीच. पान्हा फक्त शेवटच्या आवळणीला.

३४६ सीसीच्या बुलेटचं सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटरची. लांब धावेच्या या एकट्या पिस्टनचा हादरा साधा नट आठवड्यात सैल करतो. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट वापरा. जिथे नट नाही, बोल्ट थेट फ्रेमच्या आट्यात जातो, तिथे स्प्रिंग वायसर आणि निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या चिकटद्रवाचा एक थेंब. लाल लॉकटाइट नको, नाहीतर काढताना गॅसबत्ती लागेल.

५. आता बॅग

एवढं झाल्यावर बॅग निवडणं अगदी सोपं होतं, कारण खिशातला कागदच अर्ध्याहून जास्त बॅगा बाद करतो.

प्रकार तीन. सीटवरून आडवी टाकायची जोडबॅग, म्हणजे आपली जुनी पडशीच. स्टेला पट्ट्यांनी कायम बांधलेली बॅग. आणि पत्र्याची किंवा फायबरची पेटी. पडशी स्वस्त आणि उतरवायला सोपी. पण तिचा मधला पट्टा सीटखालून न्या, सीटवरून नव्हे. सीटवरून नेला तर मागे बसणाऱ्याला टोचतो आणि मडगार्डच्या कडेला रंग घासून पत्रा उघडा पडतो. पडशीलाही स्टे लागतोच. 'माझी नुसतीच लोंबते, काही होत नाही' असं म्हणणाऱ्याचं अजून काही झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेटीच्या वाटेला मी जात नाही. जुन्या गाडीवर ती कुरियरवाल्यासारखी दिसते हे माझं मत, आणि रिकामीच पाच-सहा किलो भरते ही खरी अडचण.

चामडं की कॅनव्हास हे तुम्ही कुठे फिरता त्यावर ठरवा. आपला जिल्हाच दोन हवामानांचा. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी, म्हणजे चार महिने नुसतं भिजणं. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणी, म्हणजे ऊन आणि बारीक धूळ. पूर्वेकडे चामडं उत्तम. पश्चिमेला पावसाळ्यात चामडं भिजून जड होतं, उन्हाअभावी वाळत नाही आणि दोन दिवसांत आतून बुरशी धरतं. तिकडच्या माणसाने जाड मेणकापडी कॅनव्हास घ्यावा.

चामड्याची बॅग करून घ्यायची तर लांब जायला नको. अथणी, निपाणी, चिकोडीकडे कोल्हापुरी चपला करणारे कारागीर आहेत. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं चामडं हा त्यांच्या हाताखालचा माल. पण चपलेच्या तळव्याचं जाड, ताठ चामडं अख्ख्या बॅगेला वापरू नका, झाकण वाकत नाही. पाठ आणि तळ जाड, बाकी अंग त्याहून पातळ आणि मऊ, असं सांगा. आणि पुढच्या गोष्टी बोलून घ्या, कारण कारागीर चपलेचा असला तर त्याला गाडीचा हादरा माहीत नसतो :

पट्टे नुसते शिवू नका, शिलाई आणि तांब्याचा रिव्हेट दोन्ही लावा. पाठीच्या आत बॅगेच्या मापाची पातळ प्लाय घाला, म्हणजे पाठ आत फुगून टायरकडे जात नाही. बकलाच्या मागे चामड्याची जीभ ठेवा, नाहीतर बक्कल मडगार्डवर घासतं. झाकण खाली आणि बाजूंनाही तीन बोटं उतरलेलं हवं.

तेल लावाल तर फडक्यावर दोन थेंब. कोल्हापुरीला पाजतो तसं तेल बॅगेला पाजलं की चामडं लोळागोळा होतं आणि पँटला डाग पडतात ते वेगळंच.

पाणी कुठल्याही बॅगेत शिरतंच, 'वॉटरप्रूफ' चिठ्ठी असली तरी. आत खताच्या पोत्यातली प्लॅस्टिकची पिशवी धुऊन घाला, तोंड पिळून दुमडा. बाहेरून रेनकव्हर असेल तर त्याचं इलॅस्टिक तपासा. वाऱ्याने सुटलेलं कव्हर सरळ चेनमध्ये जातं. माणसाला इरलं बांधतो तितक्याच निगुतीने बॅगेलाही बांधा.

६. बसवणी

स्टे आधी सैल बसवा, सगळे बोल्ट आट्यात घ्या आणि मग एकेक आवळा. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसरा ओढूनताणून बसवला तर सळीत ताण राहतो आणि ती आपोआप तुटते. लोखंड जिथे क्रोम किंवा रंगाला टेकतं तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

बॅग टांगताना वरचे पट्टे वजन धरतात, खालचा पट्टा बॅग चौकटीशी घट्ट ठेवतो. दोन्ही हवेत. पट्ट्याची उरलेली शेपूट कापा किंवा कडीत खोवून वर दोरा बांधा. चाकात जाणारी गोष्ट बॅग नसते, बहुतेक वेळा ही शेपूटच असते.

तपासा : बॅग धरून जोराने चाकाकडे ढकला. टायर, तारा आणि चेनपासून तीन बोटं उरली पाहिजेत. मग गाडीवर दोघांना बसवून पुन्हा ढकला.

७. दिवे

मागून बघा, डावीकडून बघा, उजवीकडून बघा. टेललाइट, नंबर आणि इंडिकेटर तिन्ही बाजूंनी दिसतात का? इंडिकेटर झाकला जात असेल तर तो स्टेच्या मागच्या कोपऱ्यावर न्या.

जुन्या सहा व्होल्टच्या गाडीवर इथे फसगत होते. १८ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर दीड अँपिअर ओढतो, सहा व्होल्टवर तीन. वायर बारीक आणि लांब केली की बल्ब मिणमिणतो आणि इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशर टिकटिक करणं सोडून देतो. जाड वायर वापरा आणि अर्थिंगची वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत न्या. रंगवलेल्या स्टेवरून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहू नका.

८. भरणी

एका बाजूला पाच-सहा किलो, त्यावर नाही. दोन्ही बाजूंमध्ये एका किलोहून जास्त फरक नको. घरच्या तराजूवर किंवा वाण्याच्या काट्यावर तोलून घ्या, हाताचा अंदाज दोन किलोने चुकतो. हत्यारं, ट्यूब, पाण्याची बाटली असं जड सामान तळाला आणि पुढे, चाकाच्या आसाच्या पुढे. कपडे वर आणि मागे. बॅगेच्या मागच्या टोकाला हत्यारं भरली की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर हँडल भुरभुरतं.

कॅनमधलं पेट्रोल बॅगेत नको. टूस्ट्रोकवाल्यांनी, म्हणजे जावा-यझदीवाल्यांनी, ऑइलची बाटली ठेवावी, पण ती सायलेन्सरपासून लांबच्या कोपऱ्यात, उभी आणि वेगळ्या पिशवीत.

टायरातली हवा मागे माणूस बसल्यावर जितकी सांगितली आहे तितकी ठेवा. साइडस्टँडला डांबर किंवा दगड बघा. तांबड्या ओल्या मातीत भरलेली गाडी पाच मिनिटांत आडवी होते आणि उचलायला दोघे लागतात.

९. चाचणी

पहिली फेरी रिकाम्या बॅगांची, गल्लीतल्या गतिरोधकांवरून, सावकाश. दुसरी पूर्ण वजनाची, बेळगाव-खानापूर जाऊन-येऊन, पन्नासेक किलोमीटर. पिरनवाडी ओलांडल्यावर थांबा आणि हात लावून बघा. बॅगेचा तळ गरम लागतो का? लागला तर चार बोटं पुरली नाहीत, ढाल लावा. मोकळ्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवा. साठच्या आसपास मागचा भाग डोलायला लागला तर वेग वाढवू नका, थ्रॉटल हळू सोडा, ब्रेक एकदम दाबू नका. डोलण्याचं कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं : वजन फार मागे, एक बाजू जड किंवा पहिल्या टप्प्यात दुर्लक्ष केलेला तो बुश.

खानापुरात चहा घेण्याआधी स्टेचे सगळे बोल्ट एकदा पान्ह्याने बघा. दोन तरी पाव फेरा घेतीलच. घरी आल्यावर पुन्हा, २०० किलोमीटरला पुन्हा, आणि त्यानंतर दर वेळी ऑइल बदलताना. वेल्डच्या सांध्यावर केसाएवढी काळी रेघ दिसली, तर ती रंगाची भेग आहे असं समजू नका. नखाने खरवडा. रेघ खाली लोखंडातही दिसली तर स्टे काढून उद्यमबागेत न्या, आणि तोवर बॅगा घरीच ठेवा.